घर ते कामाचे ठिकाण : प्रवासातील अपघात, मालकाचे दायित्व आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा निर्णय – एक चिकित्सक अभ्यास

१. प्रस्तावना

मीरा रोड पूर्वेकडील पूनम सागर ही वसाहत मुंबईच्या उपनगरी रेल्वेने घडविलेल्या असंख्य वस्त्यांपैकी एक होय. वरच्या मजल्यांवर सदनिका, तळमजल्यावर दुकानांचे गाळे आणि स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग, असे येथील नित्याचे दृश्य आहे. मीरा रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,०९,३७८ इतकी होती. या लोकसंख्येचा मोठा भाग रोज सकाळी शहराबाहेर कामाला जातो आणि रात्री परततो. त्याच वेळी येथील दुकानांत, उपाहारगृहांत आणि भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांत काम करणारा वर्ग नायगाव, वसई, विरारकडून येथे येतो. म्हणजे एकाच वस्तीत प्रवास करणारा नोकर आणि प्रवास करून येणाऱ्या नोकरांचा मालक हे दोघेही शेजारी राहतात. पुष्कळदा ते एकाच कुटुंबातही असतात.

अशा वस्तीच्या दृष्टीने एक कायदेशीर प्रश्न जिव्हाळ्याचा ठरतो. घर आणि कामाचे ठिकाण यांमधील रस्ता कोणाचा? त्या रस्त्यावर कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास ती त्याची खासगी आपत्ती मानावयाची की नोकरीतून उद्भवलेली हानी? २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मनोज मिश्रा व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्याच्या बाजूने दिले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या या प्रकरणात ओरिएंटल इन्शुरन्स ही विमा कंपनी प्रतिवादी होती. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि निवाड्यातील तत्त्वाला विधिनियमाच्या शब्दांचे पाठबळ मिळाले. व्यावसायिक, विमा कंपन्या आणि मालक या तिघांवरही या घडामोडींचा परिणाम होणार आहे. तथापि मराठीतून तिची चिकित्सा अद्याप फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) ‘नोकरीतून व नोकरीच्या ओघात’ या शब्दप्रयोगाच्या अर्थविकासाचा मागोवा घेणे.
(२) २०२५ च्या निर्णयातील कारणमीमांसेची समीक्षा करणे.
(३) लहान मालक व विमा कंपनी यांच्यावरील परिणामांचा विचार करणे.
(४) लोकलने प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबास उपलब्ध असलेल्या पर्यायांची तुलना करणे.

अभ्यास विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो विधिनियम व न्यायनिर्णय यांवर आधारलेला आहे. पूनम सागर ही वस्ती येथे सर्वेक्षणाचे क्षेत्र म्हणून घेतलेली नाही. कायद्यातील प्रश्न ज्या जीवनपद्धतीत प्रत्यक्ष उभा राहतो, तिचा संदर्भ म्हणून ती घेतली आहे.

३. कायद्याची पार्श्वभूमी

कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. इंग्लंडमधील १८९७ च्या कायद्याचा वारसा त्याच्यामागे होता. या विचारातील मध्यवर्ती कल्पना अशी की, भरपाई मिळण्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. जो उद्योगाचा लाभ घेतो त्याने उद्योगातून येणारी जोखीमही सोसावी. २००९ च्या दुरुस्तीने अधिनियमाचे नाव बदलून ‘कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम’ झाले. त्यातील कलम ३ नुसार ‘नोकरीतून व नोकरीच्या ओघात’ घडलेल्या अपघाताने इजा वा मृत्यू झाल्यास मालक भरपाईस पात्र ठरतो. सारा वाद या एका शब्दप्रयोगाभोवती फिरत आला आहे.

सामान्य नियम असा की, कामाच्या जागेच्या उंबरठ्याशी नोकरी सुरू होते व तेथेच संपते. पण हा नियम सर्वत्र लावल्यास अन्याय होतो हे न्यायालयांनी लवकरच ओळखले. त्यातून ‘कल्पित विस्तार’ हा सिद्धान्त पुढे आला. कामाची जागा व वेळ यांची सीमा वाजवी प्रमाणात पुढेमागे वाढविता येते, असे हा सिद्धान्त सांगतो. ही वाढ किती करावयाची, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला.

१९५८ चा सौराष्ट्रातील मीठ कारखान्याचा निवाडा येथे लक्षणीय आहे. मिठागरावरून परतणारे कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने कल्पित विस्ताराचा सिद्धान्त मान्य केला, परंतु ती खाडी सर्वांच्या वापराची असून होडी मालकाची नव्हती, या कारणास्तव भरपाई नाकारली. मिठागरे आणि खाडी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या भाईंदरच्या वाचकास या निवाड्यातील परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. होडीशिवाय दुसरी वाट नसलेल्या मजुराला ‘ती वाट सार्वजनिक होती’ असे सांगणे तर्कशुद्ध असले, तरी ते समाधानकारक नव्हते.

पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या प्रकरणात न्यायालयाने वेगळी दिशा धरली. काम संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या चालकाचा अपघाती मृत्यू झाला होता. उपक्रमाने चालकांना बसमधून विनामूल्य प्रवासाची सवलत दिली होती. शहराचा विस्तार पाहता ती सेवेच्या कार्यक्षमतेसाठी आवश्यक होती, असे बहुमताच्या निर्णयात मानले गेले. महानगरातील अंतर हे नोकरीचाच एक घटक असू शकते, ही जाणीव या निर्णयात प्रथम ठळकपणे व्यक्त झाली. परंतु तिचा आधार मालकाने पुरविलेले वाहन हा होता. रेल्वेच्या डब्यात उभ्या असलेल्या प्रवाशाला त्याचा उपयोग नव्हता.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ याखाली १९९६ मध्ये आलेल्या निवाड्याने तर दार जवळजवळ बंद केले. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर, पाळी सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे सायकलवरून जाणाऱ्या कामगाराला झालेली इजा नोकरीच्या ओघात झालेली नाही, असे न्यायालयाने ठरविले. या निर्णयाचा परिणाम पुसून टाकण्याचे काम संसदेने केले. २०१० मध्ये त्या अधिनियमात कलम ५१-ई घालण्यात आले. घरातून कामावर जाताना अथवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात हा, परिस्थिती, वेळ व स्थळ यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीच्या ओघात घडला असे मानावे, असे हे कलम सांगते. मात्र १९२३ च्या अधिनियमात अशी तरतूद करण्यात आली नाही. एकाच शब्दप्रयोगाला दोन कायद्यांत दोन भिन्न नशिबे प्राप्त झाली.

४. २०२५ चा निर्णय : वस्तुस्थिती व कारणमीमांसा

प्रकरणाची वस्तुस्थिती साधी आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव परिसरातील एका साखर कारखान्यावर एक पहारेकरी नोकरीस होता. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलने कामावर निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी, चार मुले व आई असा परिवार राहिला. २००९ मध्ये आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा प्रस्थापित केला.

न्यायालयाची कारणमीमांसा तीन पायऱ्यांनी पुढे जाते. पहिली अशी की, १९२३ व १९४८ चे दोन्ही अधिनियम एकाच हेतूचे, कामगारहिताचे व समविषयक आहेत. म्हणून एकातील तरतुदीच्या प्रकाशात दुसऱ्यातील शब्दांचा अर्थ लावता येतो. दुसरी पायरी अशी की, कलम ५१-ई हे नवे हक्क निर्माण करणारे नसून स्पष्टीकरणात्मक आहे, त्यामुळे २०१० पूर्वीच्या अपघातांनाही त्यातील अर्थ लागू होतो. तिसऱ्या पायरीवर हा अर्थ वस्तुस्थितीला लावण्यात आला. पहाटेच्या पाळीचा पहारेकरी वेळेवर पोहोचण्यासाठीच रस्त्यावर होता. सबब अपघाताची परिस्थिती, वेळ व स्थळ यांचा नोकरीशी संबंध स्पष्ट आहे.

निर्णयाचा परिणाम न्याय्य आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मध्यरात्रीनंतर घराबाहेर पडण्याचे दुसरे कोणतेही प्रयोजन त्या पहारेकऱ्यास नव्हते. प्रश्न आहे तो परिणामापर्यंत पोहोचण्याच्या मार्गाचा आणि त्या मार्गावर अनुत्तरित राहिलेल्या मुद्द्यांचा.

५. निर्णयाची समीक्षा

५.१ स्पष्टीकरण की नवे दायित्व?

एखादी तरतूद स्पष्टीकरणात्मक आहे असे म्हणण्याचा अर्थ, कायदा आधीपासून तसाच होता, केवळ तो धूसर होता. परंतु १९९६ च्या निवाड्यानंतर कायदा धूसर नव्हता. तो कर्मचाऱ्याच्या विरोधात पुरेसा स्पष्ट होता. संसदेने २०१० मध्ये जे केले ते धुके दूर करणे नसून दिशा बदलणे होते, असा आक्षेप मालक व विमा कंपन्यांच्या बाजूने घेता येतो आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

तरीही या आक्षेपाला मर्यादा आहे. ‘नोकरीतून व नोकरीच्या ओघात’ हे शब्द १९२३ पासून बदललेले नाहीत. त्यांचा अर्थ न्यायालयांनीच कधी सैल, कधी आवळून लावला. १९६३ चा व्यापक अर्थ आणि १९९६ चा संकुचित अर्थ हे दोन्ही त्याच शब्दांचे वाचन होते. तेव्हा संसदेने त्यांपैकी एका वाचनाला पसंती दिली, असे म्हणणे ‘स्पष्टीकरण’ या संज्ञेच्या पूर्णतः बाहेर जात नाही. निर्णयात हा युक्तिवाद अधिक विस्ताराने मांडला गेला असता तर पूर्वलक्षी प्रभावाचा पाया भक्कम झाला असता. कल्याणकारी कायदा उदारपणे वाचावा, हे तत्त्व योग्य असले तरी त्यावर सारा भार टाकला म्हणजे भविष्यातील वादांना वाव राहतो.

५.२ निधी आणि एकटा मालक

निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा विचारणीय मुद्दा येथे येतो. दोन्ही अधिनियम समविषयक आहेत हे हेतूच्या बाबतीत खरे आहे. पैसा कोठून येतो याबाबतीत मात्र ते परस्परांहून अगदी भिन्न आहेत. राज्य विम्यात मालक वेतनाच्या ३.२५ टक्के व कर्मचारी ०.७५ टक्के वर्गणी देतो. २०१९ पासून हे दर आहेत. अपघात झाल्यास भरपाई सामाईक निधीतून मिळते. एका कामगाराच्या प्रवासातील मृत्यूचा भार लाखो आस्थापनांवर विभागला जातो आणि कोणालाही तो जाणवत नाही. १९२३ च्या अधिनियमात असा निधी नाही. तेथे संपूर्ण रक्कम एका मालकाने द्यावयाची असते.

जर्मनीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १८८४ च्या कायद्याने मालकांच्या सामाईक मंडळांमार्फत अपघात विमा सुरू झाला आणि १९२५ मध्ये घर ते काम या प्रवासातील अपघात त्यात समाविष्ट झाले. प्रवासाची जोखीम कायद्याने स्वीकारली तेव्हा ती सोसण्याची यंत्रणा आधीपासून उभी होती. भारतात २०१० ची तरतूद याच धर्तीची होती. २०२५ च्या निर्णयाने मात्र निधीच्या आश्रयाने वाढलेले तत्त्व निधी नसलेल्या कायद्यात लावले. शब्द तेच असले तरी त्यांचे वजन बदलले.

हा फरक पूनम सागरसारख्या वस्तीत ठळकपणे दिसतो. सामाजिक सुरक्षा संहितेनुसारही राज्य विम्याची योजना सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस लागू आहे. तळमजल्यावरील गाळ्यात चार-पाच माणसे ठेवून पिठाची गिरणी, बेकरी वा वाहनदुरुस्तीचे काम चालविणारा व्यावसायिक या योजनेच्या बाहेर राहतो. त्याच्या कर्मचाऱ्याचा अपघात झाल्यास त्याच्यावर येणारे दायित्व किती असेल? १९२३ च्या अधिनियमाखाली मृत्यूच्या प्रकरणी मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणण्याची पद्धत होती. जानेवारी २०२० पासून यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. ३० वर्षांच्या कर्मचाऱ्यासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे भरपाई १५,५९,८५० रुपये होते. ४० वर्षे वयास गुणक १८४.१७ असून रक्कम १३,८१,२७५ रुपये येते. लहान गाळेधारकाकडे ही रक्कम बहुधा नसते. मग हक्क सिद्ध होऊनही कुटुंबाच्या हाती आदेशाचा कागद तेवढा उरतो.

म्हणून येथे मालकाची बाजू आणि कर्मचाऱ्याच्या कुटुंबाची बाजू परस्परविरोधी आहेत, असे वरवर वाटले तरी ते खरे नाही. एकट्या मालकावर टाकलेले दायित्व दोघांनाही असुरक्षित ठेवते.

५.३ विमा कंपनीचे स्थान

या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे विमा. परंतु १९२३ च्या अधिनियमाने मालकावर दायित्व लादले, विमा उतरविण्याची सर्वसाधारण सक्ती केली नाही. मोटार वाहन अधिनियमाखाली वाहनचालकासारख्या काही कर्मचाऱ्यांपुरतीच ती आहे. बाकी मालकांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी हा ऐच्छिक विषय राहिला. जो काळजी घेतो तो हप्ता भरतो, जो घेत नाही त्याला काही होत नाही. अपघात होईपर्यंत ही विषमता कोणाच्या लक्षातही येत नाही.

विमा कंपन्यांचा आक्षेप असा असू शकतो की, हप्ता ठरविताना वेतन व कामाचे स्वरूप पाहिले गेले, रस्त्यावरील जोखीम मोजली गेली नाही. पूर्वलक्षी अर्थामुळे जुन्या पॉलिसींवर न मोजलेला भार येतो. या आक्षेपात तथ्य आहे. पण अशा पॉलिसीचा विषयच मुळात मालकाचे कायद्याखालील दायित्व हा असतो. न्यायालये कायद्याचा अर्थ विस्तारू शकतात, ही शक्यता १९६३ पासून विमा व्यवसायास ज्ञात होती.

त्याहून गंभीर बाब पॉलिसीतील अपवादांची आहे. विलंबाच्या दंडाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, ती मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. मोटार विम्याच्या सक्तीबाहेरील पॉलिसीत व्याजाची जबाबदारी वगळण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे २००६ मध्ये ठरले. प्रकरण दीर्घकाळ चालल्यास याचा परिणाम काय होतो? वार्षिक १२ टक्के सरळ व्याज २२ वर्षे चालू राहिले तर ते मुद्दलाच्या २६४ टक्के होते. ज्या मालकाच्या पॉलिसीत व्याज वगळलेले आहे त्याच्यासाठी मूळ भरपाईपेक्षा व्याजच भारी ठरेल. पॉलिसी घेताना लहान व्यावसायिकाने हे कलम वाचलेले असते का, आणि वाचले तरी ते त्याला समजेल अशा भाषेत असते का, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

५.४ संबंध सिद्ध करण्याचा प्रश्न

प्रवासातील प्रत्येक अपघात नोकरीचा होतो असे निर्णय सांगत नाही. परिस्थिती, वेळ व स्थळ यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला पाहिजे. धाराशिवच्या प्रकरणात तो सहज सिद्ध झाला, कारण पाळी पहाटे तीनची होती. महानगरी प्रवासाचे स्वरूप निराळे आहे. मुलाला शाळेत सोडून स्टेशन गाठणारी कर्मचारी स्त्री, परतताना भाजी घेण्यासाठी एक स्थानक आधी उतरणारा हिशेबनीस, गर्दी टाळण्यासाठी दोन तास आधी निघणारा कामगार, यांच्या बाबतीत संबंध तुटतो का? वाट वाकडी झाली म्हणून ती खासगी होते का? निर्णयात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, आणि त्या वस्तुस्थितीत ती देण्याचे कारणही नव्हते. पण पुढील वाद येथेच होणार आहेत.

पुराव्याची अडचण त्याहून मोठी आहे. वेळेचा संबंध दाखविण्यासाठी पाळीचा तक्ता हवा, हजेरीपट हवा, वेतनाची नोंद हवी. लहान आस्थापनांत नोकरी अनेकदा तोंडी असते व पगार रोख दिला जातो. शिवाय १९२३ च्या अधिनियमाचे संरक्षण परिशिष्टात नमूद केलेल्या कामांपुरते होते व संहितेनेही यादीची ही पद्धत टिकवली आहे. दुकानात माल विकणारा कर्मचारी यादीतील कोणत्या कामात बसतो, येथूनच वादास सुरुवात होऊ शकते. ज्याची नोकरी सिद्ध होत नाही त्याच्यासाठी नोकरीचा रस्ताही सिद्ध होत नाही.

६. लोकलचा प्रवासी : रेल्वे की मालक?

मीरा रोडच्या कर्मचाऱ्यासाठी कामाची वाट म्हणजे मुख्यतः लोकल. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांतून प्रवासी पडून बळी गेले, तेव्हा या प्रवासाचे भीषण रूप सर्वांसमोर आले. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाल्यास रेल्वेचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. आजवर लोकलमधून पडलेल्या प्रवाशाचे कुटुंब रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडेच जात आले आहे.

२०२५ च्या निर्णयामुळे या कुटुंबासमोर दुसरे दार उघडले आहे. परंतु रेल्वे अधिनियमाचे कलम १२८ असे सांगते की, रेल्वेकडील दाव्यामुळे कामगार नुकसानभरपाईचा हक्क बाधित होत नाही, तथापि एकाच अपघाताबद्दल एकापेक्षा अधिक वेळा भरपाई मागता येत नाही. रस्त्यावरील अपघाताच्या बाबतीत मोटार वाहन अधिनियमाचे कलम १६७ असाच पर्याय निवडावयास लावते. म्हणजे निवड करावी लागते आणि ती एकदाच करता येते.

निवडीचे गणित सोपे नाही. वर सांगितलेल्या पद्धतीने हिशेब केल्यास ४० वर्षे वयाच्या कर्मचाऱ्याचे मासिक वेतन सुमारे ८,७०० रुपयांपेक्षा अधिक असेल तर मालकाकडील भरपाई रेल्वेच्या ८ लाखांहून जास्त होते. ५० वर्षे वयास हाच आकडा सुमारे १०,४५० रुपये येतो. १५,००० रुपये वेतनाच्या चाळिशीतील कर्मचाऱ्याच्या बाबतीत फरक ५,८१,२७५ रुपयांचा पडतो. आकड्यांवरून मालकाचा मार्ग श्रेयस्कर दिसतो. पण रेल्वेकडून मिळणारी रक्कम बुडण्याची भीती नाही, विमा नसलेल्या गाळेधारकाकडील रक्कम मात्र हाती पडेलच याची खात्री नाही. रेल्वेकडे प्रवासी असल्याचे सिद्ध करावे लागते, मालकाविरुद्ध नोकरी आणि प्रवासाचा संबंध सिद्ध करावा लागतो. दुःखाच्या पहिल्या काही महिन्यांत, बहुधा कायद्याची माहिती नसलेल्या व्यक्तीला ही निवड करावी लागते आणि चुकली तर ती दुरुस्त करता येत नाही.

रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न याहून बिकट आहे. अशा मृत्यूस रेल्वे सामान्यतः भरपाई देत नाही, कारण रूळ ओलांडणे हा अपराध आहे. मालकाविरुद्धचा दावा अशा वेळी टिकेल का? मृत्यूच्या प्रकरणात कर्मचाऱ्याने नियम मोडल्याचा बचाव १९२३ च्या अधिनियमाने मालकास दिलेला नव्हता. पण तो बचाव कामाच्या ठिकाणच्या सुरक्षानियमांपुरता होता. रेल्वेच्या हद्दीतील अपराधाने नोकरीशी असलेला संबंध तुटतो की नाही, हा मुद्दा पुढील न्यायनिर्णयांसाठी शिल्लक आहे.

७. सामाजिक सुरक्षा संहिता : पूर्तता व उणीव

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने १९२३ व १९४८ या दोन्ही अधिनियमांची जागा घेतली आहे. राज्य विम्याचे प्रकरण चौथे आणि नुकसानभरपाईचे प्रकरण सातवे अशी त्यांची मांडणी असून प्रवासातील अपघाताचे तत्त्व आता नुकसानभरपाईच्या प्रकरणातही शब्दबद्ध झाले आहे. त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२५ नंतरच्या अपघातांसाठी स्पष्टीकरण की नवे दायित्व, हा वाद उरत नाही. २०२५ च्या निर्णयाचे पुढील महत्त्व दोन बाबतींत राहील. पहिली बाब जुन्या व प्रलंबित दाव्यांची आणि दुसरी संहितेतील ‘संबंध’ या कसोटीच्या अर्थनिर्णयाची.

संहितेने तत्त्व स्वीकारले, पण पैशाच्या व्यवस्थेतील दुभंग तसाच ठेवला. दहांहून कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेचा मालक आजही एकटा आहे. ही संहितेची पहिली उणीव होय. दुसरी उणीव मंचांवरून काम मिळविणाऱ्या कर्मचाऱ्यांची आहे. खाद्यपदार्थ व सामान घरपोच करणारे तरुण मीरा रोडच्या रस्त्यांवर दिवसरात्र दिसतात. त्यांच्या बाबतीत रस्ता हेच कामाचे ठिकाण आहे. संहितेने त्यांची दखल घेतली असून मंचचालकांकडून वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली आहे. ती त्या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी मर्यादा आहे. पण त्यांचे काम पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे मानल्यामुळे सातव्या प्रकरणातील भरपाईचा हक्क त्यांना सरळ मिळत नाही. कारखान्यात बसून काम करणाऱ्याचा रस्ता नोकरीचा ठरला आणि रस्त्यावरच काम करणाऱ्याचा ठरला नाही, ही विसंगती लपण्यासारखी नाही. गंमत अशी की, सामाईक निधीची कल्पना संहितेने याच वर्गासाठी वापरली आहे. निधी आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वर्गाला एकत्र मिळालेल्या नाहीत.

८. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) २९ जुलै २०२५ च्या निर्णयाने दोन अधिनियमांतील दीर्घकाळची विसंगती दूर केली. त्याचा परिणाम न्याय्य आहे, मात्र पूर्वलक्षी प्रभावाची कारणमीमांसा अधिक भक्कम असणे आवश्यक होते.
(२) सामाईक निधीवर उभे असलेले तत्त्व वैयक्तिक दायित्वाच्या कायद्यात आणताना पैशाच्या उगमातील फरकाचा विचार झालेला नाही. संहितेनेही ही त्रुटी कायम ठेवली.
(३) विम्याची सक्ती नसल्यामुळे नवा हक्क लहान आस्थापनांतील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कागदोपत्री राहण्याचा धोका आहे.
(४) लोकलने प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबास रेल्वे व मालक यांमध्ये निवड करावी लागते आणि ती पुरेशा माहितीशिवाय होते.

या दृष्टीने तीन सूचना करता येतील. दहांहून कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी अल्प वर्गणीचा सामाईक निधी अथवा सक्तीचा गटविमा असावा व त्यातून व्याजाची जबाबदारी वगळण्यास मनाई असावी. आस्थापनेची नोंदणी वा सूचना देताना प्रत्येक कर्मचाऱ्याचा पत्ता, कामाची वेळ व वेतन यांची साधी नोंद मराठीतून ठेवली जावी, म्हणजे संबंध सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर पडणार नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज स्वीकारताना मालकाकडील पर्यायाची माहिती अर्जदारास लेखी देण्याची पद्धत असावी. शेवटच्या दोन सूचनांना फारसा खर्च नाही. महाविद्यालयांतील वाणिज्य व विधी विभागांनी स्थानिक व्यापारी संघटना व गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी या विषयावर माहितीवर्ग घेतल्यास ते समाजोपयोगी कार्य ठरेल.

९. समारोप

धाराशिवच्या पहारेकऱ्याच्या कुटुंबास अंतिम निर्णयासाठी बावीस वर्षे थांबावे लागले. त्या काळात त्याची मुले मोठी झाली आणि कायद्याचे नावही बदलले. शेवटी न्यायालयाने मान्य केले ते एवढेच, की पहाटे तीनच्या पाळीसाठी घर सोडलेला माणूस कामासाठीच रस्त्यावर होता. पूनम सागरमधून पहाटेची लोकल पकडण्यासाठी निघणाऱ्या माणसाच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे. त्याच्या पश्चात त्याच्या कुटुंबाला तेवढी प्रतीक्षा करावी लागू नये आणि त्याला कामावर ठेवणारा लहान व्यावसायिकही त्या एका अपघाताने उद्ध्वस्त होऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी व्यवस्था उभी करणे हे यापुढे न्यायालयापेक्षा विधिमंडळाचे काम आहे.